खोट्या मैत्रीचा आकडा

१

मराकेशच्या सुभेदारानं डोंगरातल्या टोळीप्रमुखाला दोस्तीखातर पाठवलेली चांदीची तबकडी परत आली, ती खेचराच्या शेपटीला बांधून. खेचर जैतुणवाल्यांच्या आळीतून खडखडत गेलं आणि किल्ल्याच्या दाराशी थांबलं. सोबतच्या स्वारानं निरोप तोंडीच दिला. "आमच्या हिशेबनिसानं तबकडीवरचा आकडा फोडून पाहिला. ह्याच्या भागांची बेरीज तुमच्याकडच्या आकड्याशी जुळत नाही. अशी दोस्ती तुम्हालाच लखलाभ."

मित्रसंख्यांचं वेड ह्या शहराला जुनंच. २२० घ्या. तिला ज्या ज्या लहान संख्येनं पूर्ण भाग जातो त्या सगळ्यांची बेरीज करा, २८४ येते. २८४ची तशीच करा, २२० येते. एकीचं सगळं दुसरीत, दुसरीचं सगळं पहिलीत. म्हणून नवरा-बायको हे आकडे भाकरीवर कोरून अर्धी-अर्धी खातात आणि भागीदार ताइतात घालतात. पण जे गल्लीतल्या शिंप्याच्या गळ्यात, ते सुभेदारानं कसं घालावं? त्याला कुणाकडेच नसलेली, भलीमोठी जोडी हवी होती. दरबारी ज्योतिषी इब्न गल्बूननं ती दिली: ७५२०२८१६ आणि ७५४९७२१६. पहिली डोंगरात गेली, दुसरी सुभेदाराच्या छातीवर रुळली, आणि आता दोन्ही खोट्या निघाल्या.

इब्न गल्बून डोक्यापासून पायापर्यंत घामाघूम झाला आणि त्यानं लगेच हात वर केले. "आकडा माझा नाहीच. उस्ताद मैमूनच्या शिष्याच्या, त्या झीरीच्या धूळपाटीवरून मी तो उचलला. मला तोंडावर पाडायला पोरानं मुद्दाम खोटा मांडून ठेवला होता."

चोरी कबूल करून वर फिर्यादही करणारा चोर मराकेशनं पहिल्यांदाच पाहिला. पण सुभेदाराला कुणीतरी हवंच होतं. झीरीला पकडलं. उद्या दुपारच्या नमाजापर्यंत त्यानं केली ती साधी चूक होती असं ठरलं नाही, तर त्याची गाढवावरून धिंड निघणार, त्याला शहराबाहेर हाकलणार आणि पुन्हा कुठल्याही शाळेच्या पायरीवर बसू देणार नव्हते.

काझींनी यिद्दरला बोलावलं. यिद्दर वारसांच्या वाटण्या करणारा गणिती. मेलेल्याची बाग विधवा, तीन मुली आणि एक भांडखोर दीर यांच्यात तंटा न होता कशी वाटायची, हे त्याचं रोजचं काम.

"चूक की डाव, एवढंच सांगा," काझी म्हणाले. "तुमचं नाव खुद्द मैमूननं सुचवलं. म्हणाला, यिद्दर सरळ माणूस आहे."

यिद्दरचा ऊर भरून आला. मैमून आणि तो एकाच गुरूच्या पायाशी शिकलेले, एकाच ताटातलं जेवलेले. लाडक्या शिष्याचं भवितव्य त्यानं यिद्दरच्या हाती सोपवलं होतं. काहीही करून पोराला सोडवायचं, असं ठरवूनच यिद्दर तिथून निघाला. सोडवण्याची किंमत कोण मोजणार, ते त्याला ठाऊक नव्हतं.

२

मैमून अंगणात अंजिराच्या झाडाखाली बसला होता. डोळे सुजलेले, दाढी विस्कटलेली.

"ये रे. बघ माझ्या घराची काय दशा झाली."

"आकडा तू पाहिला होतास?" यिद्दरनं विचारलं.

"पाहिला म्हणजे काय, पोरानं दाखवला तेवढा. मोजून कुठे पाहिला? अजूनही पाहिला नाही. हात लावायचं धैर्य होत नाही." त्यानं उसासा टाकला. "चांगला पोर रे. तेरा राहिला बिचाऱ्याचा. काझींना तेवढंच सांग. चूक आहे, डाव नाही. लोक हसतील, दोन दिवसांनी विसरतील."

"आणि इब्न गल्बून?"

मैमूनच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "त्याचं काय? दुसऱ्याचं उचलून खाल्लं की पोट दुखायचंच."

मोठ्या मशिदीतलं अध्यापनाचं आसन एके काळी मैमूनचं होतं. इब्न गल्बूननं दरबारात गोड गोड बोलून ते आपल्या बुडाखाली ओढलं, ही गोष्ट शहरातल्या गाढवांनाही माहीत होती. यिद्दरनं विषय वाढवला नाही.

बाहेर पडताना हस्सून भेटला. हा झीरीचा सहाध्यायी. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच घोंगडीसाठी भांडायचे.

"सीदी, खरं सांगू की झीरीच्या फायद्याचं सांगू?"

"खरं सांग. फायद्याचं मी बघतो."

"मग अवघड आहे." हस्सूननं मान खाजवली. "गेल्या थंडीत इब्न गल्बून मशिदीच्या चौकात उस्तादांना 'म्हातारा बैल' म्हणाला. झीरी तिथल्या तिथं ओरडला, 'ह्याला मी एक दिवस सगळ्यांसमोर तोंडावर पाडीन.' निम्म्या चौकानं ऐकलं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुला स्वतःच्या चपला सांभाळता येत नाहीत, तू कुणाला पाडणार?"

"तो आकडे मुद्दाम खोटे मांडेल?"

"झीरी?" हस्सून हसला. "वाणी जास्त खजूर देऊन बसला तर हा परत करायला जातो. वर त्याला वजन समजावून सांगतो. पण सीदी, शब्द तर तोंडातून गेलाय. आणि काझींच्या कानावर तो गेलाच असणार."

गेलाच होता. आता नुसत्या चांगुलपणाच्या साक्षीनं पोर सुटणार नव्हतं.

३

कोठडीत झीरी गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. यिद्दरला पाहताच त्यानं पहिला प्रश्न विचारला, "उस्तादांना त्रास तर नाही ना झाला?"

"त्यांचं राहू दे. तू आकडा कसा काढलास ते सांग. अगदी पहिल्यापासून."

पूर्वेकडून आलेला जुना नियम दोघांनाही पाठ होता. दोनाच्या दुपटी घ्यायच्या: चार, आठ, सोळा, बत्तीस. प्रत्येकीतून ठरावीक रीतीनं तीन संख्या काढायच्या. तिन्ही मूळ निघाल्या, म्हणजे कशानंही तुटल्या नाहीत, तर जोडी जमते. चारातून २२० आणि २८४ मिळतात. आठात तिसरी संख्या सातानं तुटते. सोळातून एक जोडी निघते, ती मराकेशच्या विद्वानांना माहीत होती. बत्तीस आणि चौसष्टात ९५ आडवी येते आणि ती तर पोरंसोरंही पाचानं फोडतील.

"पुढे?"

"पुढे दोनशे छप्पन्न घेतले, सीदी. त्यातून ३८३, ७६७ आणि एक लाखांतली. मधली ७६७ चाळत होतो. तीन, पाच, सात, अकरा झाले. तेराचा भागाकार पाटीवर मांडला आणि अजान झाली."

यिद्दरला पुढचं न सांगता कळलं. अजान झाली की पाटी पुसायची, ही इथल्या प्रत्येक शाळेची शिस्त. धुळीवर लिहिलेलं उघडं टाकून नमाजाला जाणं म्हणजे ताटात उष्टं ठेवून उठणं. झीरीनं मांडलेला तेरा तसाच पुसला. परत आला तेव्हा तेरा मांडल्याचं आठवलं, सोडवायचं राहिलं, आणि तो सतरापासून पुढे गेला. तेरा गुणिले एकोणसाठ, ७६७. खुद्द यिद्दरनं सकाळी काझींकडून आधी घरी जाऊन ते शोधून काढलं होतं आणि त्यात त्याची न्याहारी थंड झाली होती.

"मग चूकच झाली," तो म्हणाला.

"माझीच झाली." झीरीचे डोळे भरून आले. "शेवटी दोन्ही मोठे आकडे पाटीवर मांडले आणि उस्तादांना दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग माझं डोकं जवळ घेऊन म्हणाले, शाब्बास. सात वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, सीदी."

"पाटी पुन्हा मांडून पाहिली नाही त्यांनी?"

"नाही. उलट संध्याकाळची अजान झाली, मी पुसायला हात घातला, तर म्हणाले, 'राहू दे. एवढी देखणी धूळ कुणी पुसतं का?'"

यिद्दरला हे पटेना. मैमून शिष्याचं उत्तर ऐकून आधी पाटी पुसायला लावायचा, उलट्या बाजूनं सगळं पुन्हा करवायचा आणि मगच मान हलवायचा. त्याच्या ह्या खोडीला कंटाळून कितीतरी मुलं शाळा सोडून गेली होती.

निघता निघता यिद्दरच्या मनात एक बारीकशी शंका आली. वाटणी करताना एखादा वारस मोजायचा राहिला की जशी येते तशी.

"चौसष्टनंतर एकशे अठ्ठावीस येतात. तू सरळ दोनशे छप्पन्नवर कसा गेलास?"

"एकशे अठ्ठावीस करायची गरज नव्हती," झीरी सहज म्हणाला. "उस्तादांनी ती आधीच तपासली होती. म्हणाले, तिसरी संख्या तुटते, वेळ घालवू नकोस, पुढे जा."

४

लल्ला तामू, मैमूनची बहीण, मागच्या दाराशी रवा चाळत बसली होती. तिनंच झीरीला इतकी वर्षं जेवू घातलं होतं. यिद्दरला पाहून तिनं चाळणी आपटली.

"भाऊ, तुम्ही तरी सांगा त्याला. काल रात्रीपासून जेवला नाही. आणि माणसं बघा, ज्याच्या घरी कुस्कुस चापला त्याच्याच पोरावर उलटली."

"कोण?"

"तो ज्योतिषी, दुसरा कोण! पोरानं आकडा मांडला त्याच संध्याकाळी जेवायला आला होता. वर्षानुवर्षं ज्याचं नाव काढलं तरी हा थुंकायचा, त्याला स्वतः माणूस पाठवून बोलावलं. मला म्हणाला, भांडण मिटवतोय. मी आपली खुळी, आनंदानं मटण जास्त घातलं."

"जेवायला कुठे बसवलं?"

"आत बसवायचं सोडून अंगणात, पोराच्या पाटीशेजारी. आणि हात धुवायला म्हणून जो आत गेला, तो येईचना. मला म्हणतो, थांब जरा, घाई काय आहे. पाहुणा एकटा बसलाय आणि हा दाराआड उभा." ती थबकली. यिद्दरच्या चेहऱ्याकडे तिनं नीट पाहिलं. "भाऊ, मी काही वाईट बोलले का?"

"नाही लल्ला. तू खरं बोललीस."

यिद्दर घरी आला, पाटीवर ताजी धूळ पसरली आणि एकशे अठ्ठावीसमधल्या तिन्ही संख्या काढल्या. १९१ आणि ३८३ वर फार वेळ गेला नाही. तिसरी निघाली ७३७२७. ती चाळायला घेतली. तीन, पाच, सात. तुटेना. अकरा, तेरा, सतरा. तुटेना. बायकोनं शोरबा आणून ठेवला, त्यावर साय धरली. त्याचं मन एकच मागत होतं: कुठेतरी तूट गं बाई. तू तुटलीस तर माझा मित्र खोटारडा ठरणार नाही.

बोटं धुळीनं पांढरी झाली. दोनशे एकाहत्तरपर्यंत जायचं होतं, कारण त्यापुढच्या संख्येचा स्वतःशीच गुणाकार केला तर तो ७३७२७च्या वर जातो. शेवटचा भागाकारही बाकी ठेवून संपला. संख्या अखंड होती. जोडी खरी होती. ९३६३५८४ आणि ९४३७०५६, सगळं जग शोधत होतं ती, आणि ज्यानं ती पहिल्यांदा शोधली त्यानं "तुटते" म्हणून सांगितलं होतं.

इतक्या वर्षांचा मित्र केसानं गळा कापू शकतो, हे कळायला त्याला अख्खा दिवस आणि मूठभर धूळ लागली. त्याला रडू आलं आणि संतापही आला. त्यानं शोरबा तसाच सरकवून दिला.

५

दुसऱ्या दिवशी काझींच्या दालनात सगळे जमले. झीरी भिंतीशी उभा, मनगटाला दोर. इब्न गल्बून घाम पुशीत होता. यिद्दर बोलण्याआधीच मैमून उठला.

"काझीसाहेब, चूक माझ्या शिष्याची. शहराची लाज राखणं माझं काम. मी खरी जोडी आणली आहे." त्यानं दोन्ही आकडे म्हणून दाखवले. "डोंगरात ही पाठवा. पोराला माफ करा. आणि दरबारानं आता तरी पाहावं, ज्योतिषी कोण आणि गणिती कोण."

दालनात कुजबुज झाली. सुभेदाराच्या माणसाच्या चेहऱ्यावर तर सुटल्याचं हसू आलं. झीरीनं उस्तादांकडे अशा काही नजरेनं पाहिलं की यिद्दरला तिथून उठून जावंसं वाटलं. पण तो उठून उभा राहिला.

"जोडी खरी आहे," यिद्दर म्हणाला. "मीही काल चाळली. मैमून, ही तुला कधी सापडली?"

"काल. पोराच्या काळजीनं झोप येईना, बसलो पाटी घेऊन."

"मग त्याआधी तू झीरीला, एकशे अठ्ठावीसमधली संख्या तुटते, असं का सांगितलंस?"

"तेव्हा चुकलो असेन. माणूस चुकत नाही का? पोरगंही चुकलंच की."

"पोराची चूक वेगळी." यिद्दर म्हणाला. "संख्या तुटत नाही, असं म्हणताना चूक होऊ शकते. एखादा भाजक राहून जातो. झीरीचा तेरा राहिला. पण तुटते असं म्हणणाऱ्याच्या हातात दोन तुकडे असावेच लागतात. आपल्या गुरूंनी आपल्याला ते तुकडे गुणून पाहिल्याशिवाय कधी पाटीवरून उठू दिलं नाही. सांग ना, ७३७२७चे तुझ्या हाती आलेले तुकडे कोणते होते?"

असे तुकडे जगात नव्हतेच. खोटे सांगावेत, तर समोर बसलेला कुणीही गुणाकार करून पाहिला असता.

"खरी जोडी तुझ्याकडे आधीच होती," यिद्दर पुढे म्हणाला. "ती नुसती जाहीर केली असती तर इब्न गल्बून बाजूला झाला नसता. त्याला आधी पडायला हवं होतं. म्हणून पोराला पुढच्या संख्येवर पिटाळलं. ते चुकलं नसतं, तर तू दुसरं काही काढलं असतंस. पण ते चुकलं. तेरा तुला तिथल्या तिथं दिसला, तरी तू शाब्बास म्हणालास. काल मला म्हणालास, आकडा मोजलाच नाही, आणि त्याच दमात म्हणालास, तेरा राहिला. निरोपात तेराचं नाव नव्हतं, मैमून. मग तू पाटी पुसू दिली नाहीस. ज्याला चोरीची सवय, त्याला पाटीशेजारी जेवायला बसवलंस आणि दाराआड उभा राहिलास. साप मेला, काठीही मोडली नाही. काठी म्हणजे हे पोर होतं."

काझींनी मैमूनकडे पाहिलं. "उस्ताद?"

मैमून काझींशी बोललाच नाही. तो यिद्दरकडे वळला. "एवढ्या वर्षांची मैत्री. आणि तू एका पोरासाठी…"

"पोरासाठीच आलो होतो. तूच पाठवलंस. का पाठवलंस तेही कळलं." यिद्दरला आता बोलल्याशिवाय राहवेना. "तुला वाटलं, हा वाटण्या करणारा. तेरापर्यंत पोहोचेल, खूश होईल आणि घरी जाईल. सरळ माणूस म्हणालास ना मला? मी ते ऐकून फुशारलो होतो रे."

मैमूननं मान खाली घातली. इब्न गल्बून हसायला लागला, तेव्हा काझींनी त्यालाही चोरीबद्दल आसनावरून उतरवल्याचं सांगितलं आणि त्याचं हसू जागीच विरलं. मैमूनची शाळा बंद झाली. झीरीचा दोर सोडला.

सगळे बाहेर पडू लागले. चपला दाराशी होत्या. मैमून उंबऱ्यापर्यंत आला तसा झीरी पुढे झाला, वाकला, आणि सात वर्षं रोज करत आला होता तसंच त्यानं उस्तादांच्या चपला उचलून, पुसून, पायांसमोर सरळ मांडल्या. मांडून झाल्यावर आपण काय केलं ते त्याला कळलं. तो वाकलेला तसाच राहिला.

"उस्ताद," तो खालूनच म्हणाला, "आसन हवं होतं तर मला सांगायचं. मी आकडा तुमच्याच नावानं म्हटला असता. मला कुठं नाव हवं होतं?"

मैमूननं सवयीनं त्याच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. झीरीनं डोकं बाजूला घेतलं.

म्हातारा चपला घालून एकटाच गल्लीत उतरला. यिद्दर त्याच्या पाठीकडे पाहत होता. हाक मारावी असं त्याला फार वाटलं आणि त्यानं हाक मारली नाही.